नकाशाने फसवलं, दोऱ्याने सांगितलं!

बालमित्रांनो, आज जरा थंडीत जाऊ या. स्वेटर घातलात ना? मग चला!

पृथ्वीच्या पार उत्तरेला दोन विमानतळ आहेत. एक लाँगइयरब्येनचा, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर. तिथली धावपट्टी बारा महिने गोठलेल्या जमिनीवर बांधली आहे. दुसरा उत्कियाग्विकचा, अमेरिकेतल्या अलास्काच्या उत्तर टोकाला. या गावाचं नाव पूर्वी बॅरो होतं, ते २०१६ साली बदललं. बाहेरून या गावात येणारा एकही रस्ता नाही, बरं का!

आमच्या सातवीच्या वर्गात मी विचारलं, "या दोन विमानतळांत अंतर किती?" भिंतीवर जगाचा नकाशा होता. एक गाव मध्याजवळ, तर दुसरं पार डाव्या कडेला. मुलांनी पट्टी लावली, प्रमाण पाहिलं आणि उत्तर काढलं, सुमारे १९,००० किलोमीटर. मीही "शाबास!" म्हणून मोकळी झाले.

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उठली. "बाई, पृथ्वी गोल आहे ना? मग गोलावर मोजू या की!" तिने पृथ्वीगोल घेतला आणि एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत दोरा ताणला. काय गंमत! दोरा सरळ वर गेला आणि उत्तर ध्रुवाजवळून पलीकडे उतरला. तोच दोरा विषुववृत्तावर साधारण बारा वेळा बसला. विषुववृत्त सुमारे ४०,००० किलोमीटरचं. त्याला भागिले १२, म्हणजे ३,३०० च्या आसपास. खरं अंतर आहे सुमारे ३,४०० किलोमीटर!

माझं चुकलं होतं. मी ते वर्गासमोर कबूल केलं आणि ती शाबासकी तिला दिली.

असं का झालं? मोसंबीची साल टेबलावर सपाट करून पाहा. ती फाटते. नकाशात फाटू द्यायचं नाही, म्हणून ध्रुवाकडचा भाग ताणतात. ध्रुव म्हणजे खरं तर एक ठिपका, पण भिंतीवरच्या नकाशात त्याचीच वरची लांबलचक कड होते!

आता वेळेचं गणित. ताशी ८०० किलोमीटरने उडालं तर हा प्रवास सुमारे सव्वाचार तासांचा. नकाशावर विसंबलो असतो तर उत्तर आलं असतं जवळजवळ चोवीस तास!

या दोन गावांत थेट प्रवासी विमान नाही. पण ध्रुवावरून अलास्काला जाण्याचं धाडस १९२६ सालीच झालं. आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले 'नॉर्गे' नावाच्या, वायू भरलेल्या हवाई जहाजातून ११ मे रोजी स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंदहून निघाले. १२ मे रोजी ते ध्रुवावर होते आणि १४ मे रोजी अलास्कातल्या टेलर गावी उतरले. त्याच न्यू-ओलेसुंदमध्ये २००८ साली आपल्या भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झालं.

आता तुमची पाळी. स्वालबार्डचं घड्याळ उत्कियाग्विकच्या १० तास पुढे असतं. लाँगइयरब्येनहून दुपारी १२ वाजता निघालात आणि सव्वाचार तास उडालात, तर उत्कियाग्विकला उतरताना तिथल्या घड्याळात किती वाजले असतील? उत्तर पाहून दचकू नका हं! आणि बाईंचंही एकदा तपासून घ्या.