# : जागा सोडा की गाळा?

मुद्रितशोधकाने समासात # केली की तिचा अर्थ एकच: इथे जागा सोडा. ओळीत जिथे दोन शब्द चिकटले आहेत तिथे उभी रेघ, आणि समासात ही खूण. खिळ्यांच्या काळात कंपोझिटर ती पाहून मध्ये स्पेस सरकवायचा. आता प्रुफे पीडीएफवर तपासली जातात आणि शेऱ्याच्या चौकटीत नुसती # टंकली, तर नवखा ऑपरेटर मजकुरातच # घालून मोकळा होतो. त्याला बोल कसा लावावा? त्याच्या लेखी ही हॅशटॅगची खूण, आणि हॅशटॅगचा नियम नेमका उलटा. जागा सोडली की टॅग तुटला. ‘#मराठी भाषा’ लिहा, दुवा एकट्या ‘मराठी’ला लागतो.

ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर ही कल्पना मांडली २३ ऑगस्ट २००७ रोजी; ट्विटरने टॅगना दुवे द्यायला २००९ उजाडले. देवनागरीची अडचण त्याहून वेगळी आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे युनिकोडमध्ये अक्षरांच्या वर्गात येत नाहीत, ती जोडचिन्हे आहेत. ज्या प्रणालीने हे ध्यानात घेतलेले नाही, ती ‘#पुस्तक’ हा टॅग ‘प’वरच संपवते आणि उकार बाहेर लोंबकळत राहतो. वेब आवृत्तीचे टॅग प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा टिचकी मारून पाहावेत, ते यासाठी.

नावांचा गोंधळ तर जुनाच. वजनाच्या पाउंडाचे संक्षिप्त रूप घाईघाईत लिहिता लिहिता # झाले असे मानतात, म्हणून अमेरिकेत ही ‘पाउंड’. ब्रिटिशांचा पाउंड म्हणजे £, त्यामुळे त्यांच्याकडे ‘हॅश’. त्यांच्या जुन्या सात बिटांच्या संकेतावलीत #च्या घरात £ बसवलेला होता. म्हणजे अमेरिकेत टंकलेली # तिकडच्या प्रिंटरवर £ होऊन उमटायची! बटणांच्या फोनवर ही खूण १९६८ साली आली. बेल कंपनीच्या मंडळींनी तिचे नाव ठेवले ‘ऑक्टोथॉर्प’. ‘ऑक्टो’ ही आठ टोके, हे कळते. ‘थॉर्प’च्या मात्र इतक्या कथा आहेत की एकीवरही विसंबू नये. आपल्याकडे फोनवरचा ध्वनिमुद्रित आवाज ‘हॅश दाबा’ म्हणतो, तेवढे पुरे.

संगीताची पुस्तके करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. शार्पची खूण (♯) वेगळी आहे: तिच्या उभ्या रेघा सरळ, आडव्या तिरक्या. # मध्ये आडव्या सरळ आणि उभ्या कललेल्या. दोन्हींचे संकेतांक स्वतंत्र असताना एकीवर दुसरीचे काम भागवणे हा निव्वळ आळस.

आमच्या कार्यालयात आम्ही ठरवले आहे: कागदी प्रुफावर # राहील, पण वर्तुळात. पीडीएफच्या शेऱ्यात ‘जागा’ असे अक्षरी लिहायचे. आणि शेऱ्यात लिहिलेली # मजकुरातच हवी असेल, तर तिच्यापुढे ‘छापावी’.