विश्लेषण : छोट्या मासेमारी होडीला किती अश्वशक्तीचे इंजिन पुरते?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. त्यामुळे मच्छीमारांना शेतकऱ्यांप्रमाणे सवलतीचे कर्ज आणि विमा मिळण्याची वाट मोकळी झाली. लहान होडीच्या मालकाच्या हाती असा पैसा आला की, पहिला विचार बहुधा इंजिनाचा होतो. शेजारच्या होडीला ४० अश्वशक्तीचे इंजिन लागले की आपल्यालाही तेवढेच हवे, असे वाटू लागते. पण जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त कमाई, हे गणित दर वेळी जुळत नाही.

आऊटबोर्ड इंजिन कोण वापरते?

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगले जाते ते आऊटबोर्ड इंजिन. किनाऱ्यालगत आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या लाकडी व फायबरच्या होड्यांवर ते दिसते. उथळ पाण्यात ते वर उचलता येते आणि दुरुस्तीसाठी काढून घरी नेता येते. ही इंजिने बहुतेक पेट्रोलवर चालतात. राज्यात मच्छीमारांना मूल्यवर्धित कराची जी प्रतिपूर्ती मिळते, ती प्रामुख्याने डिझेलवरची. पेट्रोलचा भाव मात्र लिटरला शंभर रुपयांच्या पुढे आहे. म्हणून इथे इंजिनाची निवड चुकली तर तिचा भुर्दंड प्रत्येक फेरीला बसतो.

होडीचा वेग कशावर ठरतो?

पाणी कापत जाणारी होडी स्वतःच लाट उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते आणि एका टप्प्यानंतर होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. हा टप्पा होडीच्या लांबीवर ठरतो. पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. ही लांबी २५ फूट असेल तर वर्गमूळ ५ आणि वेग ६.७ नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेबारा किलोमीटर. अरुंद होडी याच्या थोडी पुढे जाते, रुंद होडी अलीकडेच अडते.

या टप्प्याजवळ पोहोचल्यावर थोड्याशा वेगासाठीही खूप इंधन जळते. उलट वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर तेवढ्याच अंतराला साधारण पाचव्या हिश्श्याचे इंधन वाचते.

मग अश्वशक्ती किती हवी?

ठोकताळा असा : पाणी कापत जाणाऱ्या होडीला वजनाच्या दर टनामागे ४ ते ५ अश्वशक्ती. वजन मात्र रिकाम्या होडीचे धरायचे नाही. ओले जाळे, बर्फ, मासळी, इंधन आणि माणसे मिळून परतीच्या वाटेवर जे होते ते धरायचे. ते २ टन असेल तर ८ ते १० अश्वशक्तीत काम भागते.

होडी पाण्यावर उचलून घसरत पळवायची असेल तर हिशेब बदलतो. तिथे साधारण दर २५ किलोला १ अश्वशक्ती लागते, म्हणजे याच २ टनांना ८०. फसगत होते ती या दोन आकड्यांच्या मधल्या इंजिनांत. २५ किंवा ४० अश्वशक्तीवर रिकामी होडी जाताना छान पळते. परतताना मासळीच्या वजनाने मागची बाजू दबते, नाळ वर उठते आणि इंजिन पूर्ण जोरात असूनही वेग त्या मानाने मिळत नाही.

खर्चात फरक किती पडतो?

मासेमारीची जागा १० सागरी मैलांवर आहे असे धरू. १० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन ६ नॉटने जाऊन-येऊन ३ तास २० मिनिटे घेईल आणि तासाला साडेतीन लिटरप्रमाणे सुमारे १२ लिटर पेट्रोल पिईल. ४० अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोकने १२ नॉट गाठले तर वेळ निम्मा होईल. पण तासाला १८ लिटरप्रमाणे ३० लिटर जळतील, शिवाय पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल वेगळे. थोडक्यात, १ तास ४० मिनिटे वाचवायला फेरीमागे १८०० रुपयांहून अधिक मोजावे लागतात. लवकर पोहोचल्याने लिलावात तेवढा जास्त भाव मिळत असेल तर मोठे इंजिन परवडते. मिळत नसेल तर तो पैसा मासळीच्या कमाईतून जातो.

अगदी लहान इंजिनही धोक्याचे का?

हिवाळ्यात जमिनीकडून मतलई वारा सुटला की परतणाऱ्या होडीला तो समोरून लागतो. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडावर प्रवाह आणि लाटा एकमेकांवर आदळतात. तिथे इंजिन कमी पडले तर जिवावर बेतते. म्हणून आलेल्या आकड्यावर पाव ते तिसरा हिस्सा राखीव धरणे शहाणपणाचे. २ टनांच्या होडीला त्या हिशेबाने १० ते १५ अश्वशक्ती योग्य ठरते.

दुसरी मर्यादा मागच्या फळीची. १० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन ४० किलोंच्या आसपास असते, ४० अश्वशक्तीचे शंभराच्या घरात जाते. होडी बांधणाऱ्याने सांगितलेल्या कमाल अश्वशक्तीपुढे जाऊ नये. पंखाही जुळायला हवा. भरलेल्या होडीत पूर्ण जोर देऊनही इंजिन निर्मात्याने दिलेले फेरे गाठत नसेल, तर मोठे इंजिन घेण्याआधी कमी पिचचा पंखा लावून पाहणे स्वस्त पडते.

नियम काय सांगतात?

होडीची नोंदणी आणि मासेमारी परवाना यांत इंजिनाची माहिती असते, त्यामुळे इंजिन बदलले की नोंदही बदलून घ्यावी लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्या तिच्यातून वगळलेल्या आहेत. वल्ह्यावरच्या होडीला पहिल्यांदा इंजिन लावणाऱ्याने ही सवलत जाणार, हे आधी लक्षात घ्यावे.

केरळमध्ये काय झाले?

१९८०च्या दशकात केरळच्या पारंपरिक होड्यांवर आऊटबोर्ड इंजिने झपाट्याने आली. सुरुवातीची इंजिने १० अश्वशक्तीच्या आतली होती. मग २५ आली, ४० आली आणि मोठ्या होड्यांवर एकाहून अधिक इंजिने लागली. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या आधी मासळीपर्यंत पोहोचायचे होते. सगळ्यांचाच वेग वाढल्यावर कुणाचीच आघाडी उरली नाही. वाढला तो केरोसीनचा खर्च आणि सवलतीच्या केरोसीनवरचे अवलंबित्व. कोकणात स्वस्त कर्जाच्या जोरावर हीच शर्यत सुरू झाली, तर हप्ता आणि पेट्रोल दोन्ही मच्छीमाराच्याच खिशातून जातील.