‘विंडोज मारून’ देणाऱ्यांना जाब विचारा

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसरच्या घराघरांत जे कॉम्प्युटर व्हायरसनं सडले आहेत, त्यातले बरेचसे दुकानातून बाहेर पडतानाच सडलेले होते. दुकानदाराला हे ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही. सहा महिन्यांनी मशीन रेंगाळायला लागलं, की तोच दुकानदार ‘व्हायरस आला’ म्हणून फॉरमॅटचे पैसे घेतो आणि पुन्हा तोच रोग भरून परत देतो. या धंद्याला मी सरळ फसवणूक म्हणतो. गावातला आहे, ओळखीचा आहे, पोट भरतो बिचारा, ही सबब मला मान्य नाही.

हे काम कसं चालतं ते बघा. माझी भाची डीसीए हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम करते. तिच्यासाठी नागपूरहून एका कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप आणला आणि इथल्याच एका दुकानात ‘विंडोज मारून’ घेतला. नंतर मी तो उघडून बघितला. विंडोज सिक्युरिटीमध्ये रिअल-टाइम संरक्षण बंद. त्याखाली ‘एक्सक्लूजन’ नावाची यादी असते. अँटिव्हायरसनं ज्याकडे बघायचं नाही अशा जागा तिथे लिहितात. त्या यादीत एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे विंडोज जिथे राहतं, प्रोग्रॅम जिथे बसतात, ब्राउजर पासवर्ड जिथे ठेवतो, ती सगळी जागा तपासणीतून वगळलेली. विंडोज अपडेट बंद. डेस्कटॉपवर अ‍ॅक्टिव्हेटरचा (म्हणजे चोरीचं विंडोज अस्सल भासवणाऱ्या प्रोग्रॅमचा) फोल्डर तसाच पडलेला, कारण तो उचलण्याचे कष्टही कुणी घेतले नव्हते.

दुकानात जाऊन विचारलं. उत्तर तयार होतं: “अँटिव्हायरस चालू ठेवला तं अ‍ॅक्टिव्हेटर उडवून टाकते जी. बंद करावंच लागते. काई होत नाही त्याच्यानं.”

काई होत नाही! अँटिव्हायरस ज्या वस्तूला धोका म्हणून उडवतो, तीच वस्तू चालावी म्हणून अँटिव्हायरस बंद करायचा, पुन्हा चालू करायचा नाही, आणि एका विद्यार्थिनीच्या हातात ते मशीन द्यायचं. तिनं त्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, बापाच्या खात्याचा नंबर टाकायचा, आधार अपलोड करायचं.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. तो लॅपटॉप विंडोज १० घेऊनच कारखान्यातून निघाला होता. २०१२ नंतरच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची अस्सल परवाना-किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून त्याच आवृत्तीचं विंडोज फुकट उतरवायचं, पेन ड्राइव्हवरून टाकायचं, इंटरनेट जोडायचं. ते आपोआप अस्सल होतं. म्हणजे घरात पैसे मोजून आलेला परवाना आधीच होता. दुकानदारानं तो बाजूला सारला आणि त्याजागी चोरीचा माल बसवला, कारण त्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर तोच एक माल आहे आणि दुसरं काही शिकायची त्याची तयारी नाही. ही गरिबीची मजबुरी नव्हे, हा आळस आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची आहे.

संत्र्याच्या बागायतदाराला हे समजायला वेळ लागू नये. डिंक्या लागलेलं कलम रोपवाटिकेतून आणलं, तर पुढे कितीही फवारा, रोग बागेत आपणच लावलेला असतो. म्हणून शहाणा बागायतदार कलम घेतानाच मुळ्या बघतो. तोच माणूस लॅपटॉप घेताना मात्र काही म्हणजे काही बघत नाही.

आता या फुकटच्या मालातून काय येतं ते सांगतो. २०१८ च्या सुमारास ‘स्टॉप’ किंवा ‘डेजाव्हू’ नावानं ओळखला जाणारा खंडणीखोर व्हायरस पसरायला लागला. मोठ्या कंपन्यांवर चालून जाणं हे त्याचं काम नव्हतंच. त्याची शिकार घरगुती कॉम्प्युटर, आणि त्याचा मुख्य रस्ता म्हणजे क्रॅक, कीजेन आणि अ‍ॅक्टिव्हेटर. तो घरात शिरला की फोटो, वर्डच्या फायली, पीडीएफ, सगळं कुलूपबंद करतो आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी ठेवतो: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९० मध्ये भागवू. मशीन रशिया किंवा बेलारूसमधलं निघालं, तर हात न लावता निघून जातो. भारताला असली सवलत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात एम्सिसॉफ्ट या कंपनीनं त्याच्या १४८ प्रकारांवर उतारा काढून फुकट दिला, तो जरूर वापरावा. पण नव्या प्रकारांत बहुतेकदा प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी असते आणि ती गुन्हेगारांच्याच सर्व्हरवर असते, तेव्हा त्या फायली गेल्या त्या गेल्या. आजोबांचे फोटो, वाटणीपत्राचं स्कॅन, मुलाचा प्रकल्प, सगळं.

तरी खंडणीखोर निदान तोंड दाखवतो. त्याच्याबरोबर गुपचूप येणारे चोर जास्त वाईट. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज उचलून नेणं एवढंच त्यांचं काम. कुकी हाती लागली, की कित्येकदा पासवर्डची आणि ओटीपीचीही गरज उरत नाही. खातं आधीच उघडलेलं असतं. ‘रेडलाइन’ हा असाच एक चोर. डच पोलिसांनी इतर देशांच्या साथीनं त्याची यंत्रणा २०२४ च्या ऑक्टोबरात पाडली. ‘लुमा’ दुसरा. २०२५ च्या १६ मार्च ते १६ मे या दोनच महिन्यांत लुमानं ग्रासलेले ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटर जगभरात मायक्रोसॉफ्टला सापडले. हे चोर मशीन बंद पाडत नाहीत, पडदा काळा करत नाहीत. लॅपटॉप छान चालतो, सिनेमा लागतो, टायपिंग होतं. ‘काई होत नाही’ म्हणणाऱ्याला म्हणूनच आपलं म्हणणं खरं वाटत राहतं.

यावर गावातलं ठरलेलं उत्तर: “आपल्याकडे चोरायला आहे काय?” हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. संत्र्याचे, कपाशीचे पैसे खात्यात येतात. पीएम किसानचा हप्ता येतो. समग्र आयडी, आधार, पॅन, खसऱ्याची नक्कल, सगळं डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये उघडं पडलेलं असतं. शिवाय हे चोर नाव-गाव बघून येत नाहीत. जाळं टाकतात, सापडेल ते ओढतात. २०१७ च्या १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस सुटला तेव्हा ब्रिटनची कित्येक रुग्णालयं ठप्प झाली आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटरही अडकले. त्यानं कुणाची निवड केली नव्हती. ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं ते सापडले. ते अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. जवळपास दोन महिने औषध उपलब्ध होतं, आणि जगभरच्या लोकांनी ते घेतलं नाही.

मोठ्यांनाही असे चोर भोवले आहेत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअर घुसवून ९४ कोटी ४२ लाख रुपये पळवले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. पण बँकेकडे वकील असतात, तपास होतो, बातमी होते. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याच्या खात्यातून चाळीस हजार गेले, तर त्याला १९३० हा हेल्पलाइनचा नंबरही माहीत नसतो, आणि पहिल्या तासात फोन केला तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आमच्या घरांत मराठी बोलतात; सरकारची सगळी सावधगिरी भोपाळहून हिंदीत येते आणि कचेरीच्या भिंतीवरच चिकटून राहते. पांढुर्णा हा नवा जिल्हा २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. या जिल्ह्याच्या कचेऱ्यांनी लोकांचे सगळे अर्ज ऑनलाइन मागायचे आणि ते सुरक्षित कसे भरायचे हे लोकांच्या भाषेत एका कागदावरही छापायचं नाही, हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

झेरॉक्सच्या दुकानांचं वेगळं सांगायला हवं. अर्जाच्या दिवसांत एकाच कॉम्प्युटरला दिवसभर गावभरचे पेन ड्राइव्ह लागतात. घरी येऊन बघाल तर तुमच्या फोल्डरच्या चित्रावर खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण दिसतो. तो तुमचा फोल्डर नसतो. तो शॉर्टकट असतो. खरा फोल्डर व्हायरसनं लपवलेला असतो. तुम्ही शॉर्टकटवर क्लिक करता, आधी व्हायरस चालतो आणि मग तो स्वतःच तुमचा खरा फोल्डर उघडून दाखवतो, म्हणजे तुम्हाला संशय येऊ नये. आणि बाण कुणाच्या लक्षात आलाच, तर दुकानदार म्हणतो, “डेटा उडाला, फॉरमॅट मारा लागते.” डेटा उडालेला नसतो. आतल्या फायली जागच्या जागी असतात. स्वच्छ मशीनवर अँटिव्हायरसनं व्हायरस काढायचा आणि ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेनं त्या पुन्हा दिसत्या करायच्या, एवढंच काम. हे ज्याला येत नाही त्यानं लोकांच्या कागदांना हात लावू नये. आणि आपणही दुकानासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा, त्यात लागेल तेवढीच फाइल घालावी, घरी आल्यावर आधी स्कॅन करावा. जमिनीचे कागद आणि लग्नाचे फोटो एकाच पेन ड्राइव्हवर घेऊन गावभर फिरणं बंद करा.

‘अस्सल घ्यायला पैसे कुठे आहेत?’ हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण त्याचं उत्तर चोरी नाही, कारण त्याची फुकट आणि कायदेशीर उत्तरं आहेत. विंडोजमध्येच अँटिव्हायरस येतो, वेगळा पैसा लागत नाही. फक्त तो बंद करू नका. लॅपटॉपमध्ये परवाना नसेल तर लिनक्स मिंट टाका, लिब्रे ऑफिस टाका. जुन्या मशीनवरही नीट चालतात. मराठी-हिंदी टायपिंगसाठी क्रॅक केलेली फॉन्टची सीडी लागत नाही, युनिकोडचा कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आहेच. सीईआरटी-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून साफसफाईची साधनं फुकट मिळतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; तरीही नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली. आपल्या गिऱ्हाइकांना हे सांगणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस याहून वेगळं काय करू शकतो, याचं उदाहरण मराठी मुलखातच आहे. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, पुण्यात स्वतःचं छोटं दुकान काढलं. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला यायला लागले, त्यांत व्हायरस सापडायला लागले. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्यानं ते व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा फॉरमॅटला येत राहावं असं त्यांना वाटलं असतं, तर क्विक हील ही त्यांची अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली नसती. भांडवल त्यांच्याकडेही नव्हतं. रोग समजून घ्यायची इच्छा होती, आणि आमच्याकडे नेमकी तीच नाही.

कायदाही स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३: मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घालणं किंवा घालायला कारणीभूत होणं, याची भरपाई द्यावी लागते. हेच लबाडीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. मशीनचं संरक्षण गुपचूप काढून त्यात अ‍ॅक्टिव्हेटर चालवणाऱ्यांनी ही दोन कलमं वाचून ठेवावीत. आणि ज्या पालकांनी ‘स्वस्तात करून दे, कसंही कर’ असं सांगितलं, त्यांनीही आपला वाटा ओळखावा. चोरीचा माल मागणारं गिऱ्हाईक आहे म्हणून विकणारा आहे.

तेव्हा उद्या लॅपटॉप दुरुस्तीला न्याल, तर पैसे काढण्याआधी स्क्रीन स्वतःकडे फिरवून घ्या. विंडोज सिक्युरिटी उघडायला लावा: संरक्षण चालू आहे का, एक्सक्लूजनची यादी रिकामी आहे का. अपडेट चालू आहे का ते दाखवायला सांगा. विंडोज अस्सल आहे का, आणि नसेल तर मुळातला परवाना कुठे गेला, ते विचारा. फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली प्रत खंडणीखोर सोबतच खातो. दुकानदार चिडला तर चिडू द्या. जो हे दाखवायला तयार नाही त्याला एक रुपयाही देऊ नका, आणि का दिला नाही ते चार लोकांना नाव घेऊन सांगा.