तटस्थता कधी मोडते? मुरगावच्या दोन साक्षी

युद्धाच्या वणव्यापासून दूर राहण्याची इच्छा प्रत्येक लहान राष्ट्राला असते. ती पुरी होणे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती नसते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर फिनलंड आणि स्वीडन यांनी जुनी अलिप्तता सोडून ‘नाटो’चे छत्र स्वीकारले. ते युद्धात उतरले नाहीत, पण त्यांचा मधला मार्ग संपला. तटस्थ देश युद्धात ओढला कसा जातो, हे समजून घेण्यासाठी गोमंतकीयांना फार दूर पाहावे लागत नाही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा पोर्तुगालने ब्रिटनच्या सल्ल्यानुसार ना युद्ध पुकारले, ना तटस्थता जाहीर केली. लिस्बनपासून मुरगावपर्यंत त्याच्या बंदरांत जर्मन व्यापारी जहाजे आश्रयाला थांबली होती. युद्ध लांबले, जहाजांची टंचाई भासू लागली आणि ब्रिटनने या जहाजांची मागणी केली. फेब्रुवारी १९१६ मध्ये पोर्तुगालने ती ताब्यात घेण्यास प्रारंभ केला. ९ मार्च रोजी जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले.

जहाजे हे निमित्त होते. पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींच्या संभाव्य वाटणीविषयी ब्रिटन आणि जर्मनी यांनी १८९८ मध्येच गुप्त करार केला होता. मित्राच्याच मनात आपल्या मालमत्तेचा हिशेब असेल, तर तहाच्या मेजावर जागा मिळवणे भाग पडते. शिवाय १९१० मध्ये स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाला युरोपात प्रतिष्ठा आणि घरात एकजूट हवी होती. प्रत्यक्षात सुमारे ५५ हजार सैनिक फ्रान्सला गेले, ९ एप्रिल १९१८ रोजी लिस नदीकाठी त्यांची फळी कोसळली आणि त्यापूर्वीच, डिसेंबर १९१७ मध्ये, लिस्बनमधील सरकार बंडाने उलथले होते. वसाहती राहिल्या, एकजूट मिळाली नाही.

दुसऱ्या महायुद्धात प्रसंग जवळपास तोच होता. मुरगावात पुन्हा जर्मन जहाजे अडकली होती. मार्च १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्या तुकडीने गुप्तपणे ‘एरेनफेल्स’वर हल्ला चढवला आणि जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. तटस्थ बंदराचा हा उघड भंग होता. त्याच वर्षी सालाझारने अझोरेस बेटांवरील तळ ब्रिटनला वापरू दिले. तरीही पोर्तुगाल युद्धाबाहेर राहिला. त्याचे वुल्फ्राम जर्मन शस्त्रनिर्मितीला हवे होते आणि तोवर जर्मनीला नवा शत्रू परवडणाराही नव्हता. सालाझारलाही आपली सत्ता टिकवण्यासाठी युद्धाची गरज नव्हती.

देश तोच, मैत्री तीच, बंदरही तेच. निकाल मात्र वेगळा. तटस्थता टिकते ती केवळ घोषणेने नव्हे, तर दोन्ही पक्षांना ती उपयोगी वाटेपर्यंत. म्हणून आजच्या कोणत्याही तटस्थ देशाविषयी अंदाज बांधताना त्याच्या नेत्यांची भाषणे पुरेशी नाहीत. त्याच्या बंदरांत, खाणींत आणि तळांवर कोणाची नजर आहे, तसेच त्याच्या सरकारला युद्धातून काय मिळवायचे आहे, हे आधी तपासावे लागेल.