मेडिकलच्या मुलांचे दोन महिन्यांचे संशोधन: पेशंट आणि पालकांनी काय समजून घ्यावे?

सांगली-मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गेलेल्या बऱ्याच जणांनी हे पाहिले असेल. केसपेपर काढून रांगेत बसलो की पांढरा कोट घातलेला एखादा मुलगा किंवा मुलगी हातात कागद घेऊन येते. "काका, दहा मिनिटे बोलू का? शुगरच्या गोळ्या कधी चुकतात का, का चुकतात, एवढेच विचारायचे आहे." काही जण आनंदाने उत्तरे देतात. काही जण घाबरतात. आपल्यावर प्रयोग तर करत नाहीत ना? सही केली तर पुढे काही लचांड लागेल का?

आष्टा आणि आजूबाजूच्या गावांतून पेशंट असे कागद घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात. दुसरीकडे पालक विचारतात, "मुलगी एमबीबीएसला आहे, सुट्टीत घरी यायचे सोडून प्रोजेक्ट करते म्हणते. त्याचे पैसेही मिळतात म्हणे. खरे आहे का?" दोन्ही प्रश्नांमागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या मानधनासह संशोधन योजना.

या योजना कोणत्या?

सर्वात जुनी आणि मोठी योजना आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आहे. तिला थोडक्यात 'एसटीएस' म्हणतात. १९७९ पासून ती सुरू आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजमधील एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली छोटा अभ्यास आखायचा, तो मंजूर झाला की दोन महिन्यांत पूर्ण करायचा आणि अहवाल द्यायचा. मानधन पूर्वी महिना १० हजार होते. अलीकडच्या वर्षांत ते महिना २५ हजार, म्हणजे दोन महिन्यांचे ५० हजार रुपये झाले.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेने २०२२ मध्ये 'स्पार्क' ही अशीच योजना आणली. तिचेही मानधन दोन महिन्यांचे ५० हजार. आष्ट्यात आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे ही माहिती आपल्या भागातील पालकांच्या थेट उपयोगाची आहे. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात.

दोन महिन्यांत असे काय कळणार?

रास्त शंका आहे. बहुतेक अभ्यासांतून नवे औषध निघत नाही, तशी अपेक्षाही नसते. बीपीच्या किती पेशंटच्या गोळ्या मध्येच बंद होतात, गरोदर बायकांचे हिमोग्लोबिन किती आहे, असे प्रश्न असतात. प्रश्न छोटा असला तरी त्याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून द्यायला मूल शिकते. पुढे हेच मूल तुमचे डॉक्टर होणार आहे. 'हे औषध सगळे देतात' आणि 'या औषधाने किती जणांना गुण आला' या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळतो, तो डॉक्टर पेशंटच्या फायद्याचा असतो.

आणि कधीकधी मोठेही घडते. १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅकलिन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून हेपॅरिनचा शोध सुरू झाला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आजही ते इंजेक्शन देतात. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटोमध्ये डॉ. बॅन्टिंग यांच्या हाताखाली चार्ल्स बेस्ट हा २२ वर्षांचा विद्यार्थी कामाला लागला. पुढच्या जानेवारीत पहिल्या पेशंटला इन्सुलिन टोचले गेले. सुरुवातीला बेस्टला त्या कामाचा पगार नव्हता. तो तरी टिकला. पैशाअभावी किती मुले अशी कामे सोडून जातात, त्याची नोंद कुठेच राहत नाही.

खरी अडचण: पैसे शेवटी मिळतात

एसटीएसचे मानधन अहवाल स्वीकारला गेल्यावरच मिळते. मुदतीत अहवाल गेला नाही किंवा नापसंत झाला, तर हातात काही पडत नाही. नियमामागचे कारण समजण्यासारखे आहे, काम पूर्ण व्हावे. पण तोवर मेस, खोलीभाडे, झेरॉक्स, जाण्यायेण्याचा खर्च घरूनच येतो. आपल्या भागात हे वेगळे सांगायला नको. ऊस आज तुटतो, बिल नंतर येते, मधले दिवस उधारीवर काढावे लागतात. ज्याच्या घरी ते दिवस निघत नाहीत, ते मूल अर्जच करत नाही.

दुसरी अडचण मार्गदर्शकाची. एका प्राध्यापकाला एकच विद्यार्थी घेता येतो. जिथे शिक्षक कमी आणि ओपीडीची गर्दी जास्त, तिथे वेळ देणारा शिक्षक मिळणे हेच मोठे काम. त्यामुळे अशी संधी मोठ्या शहरांतील, आधीपासून संशोधन करणाऱ्या कॉलेजांकडे झुकण्याचा धोका राहतो.

याचा तोटा शेवटी पेशंटला होतो. उन्हात ऊस तोडणाऱ्यांच्या शरीरावर काय परिणाम होतो, पुराचे पाणी ओसरल्यावर ताप कसले येतात, साप चावल्यावर दवाखान्यात पोहोचायला उशीर का होतो, हे प्रश्न मुंबई-पुण्याच्या मुलाला सुचतीलच असे नाही. ते इथल्या मुलाला सुचतात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचू चावलेल्या पेशंटच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आल्या. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तो प्रश्न कोकणातल्या ओपीडीत बसलेल्या डॉक्टरलाच दिसला होता.

म्हणून मानधन वाढले हे चांगलेच झाले, पण तेवढ्याने भागणार नाही. गरजू मुलांना कॉलेजने काही रक्कम आगाऊ द्यावी, नंतर वळती करून घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनाही हे सहज जमेल.

तुमच्यापुढे फॉर्म आला तर

माणसांवरच्या अभ्यासाला आधी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. त्या समितीत डॉक्टरांशिवाय सामान्य नागरिकही असतो. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तुमच्या बाजूने आहेत:

- माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.
- 'नाही' म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मधेच थांबण्याचाही. त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये.
- फक्त प्रश्न विचारणार की रक्तही घेणार, हे आधी विचारा. केवळ अभ्यासासाठी केलेल्या तपासणीचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात.
- तुमचे नाव आणि आजार गुप्त राहिला पाहिजे.
- मूल १८ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती लागते. मोठ्या मुलांना स्वतःलाही विचारावे लागते.
- माहितीपत्रकावर संपर्काचा नंबर असतो. तो कागद जपून ठेवा.

एक लक्षात ठेवा. तो विद्यार्थी तुमचा उपचार करणारा डॉक्टर नाही. त्याच्याशी बोलल्यावर गोळी बंद करायची किंवा वाढवायची नाही.

पालकांसाठी

खऱ्या योजनेत पैसे मुलाला मिळतात. 'इतके भरा, संशोधनाचे सर्टिफिकेट देतो', 'पेपरमध्ये नाव घालतो' असे कोणी म्हणत असेल तर दूर राहा. अर्ज एजंटामार्फत नसतो. तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात, म्हणून संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघाव्यात. मार्गदर्शक मात्र अर्ज निघण्याच्या कितीतरी आधी शोधायला हवा. इंटर्नशिपमध्ये गेल्यावर एसटीएसला अर्ज करता येत नाही, त्यामुळे दुसरे-तिसरे वर्ष सोयीचे. निवड झाली नाही तरी बिघडत नाही, अर्ज लिहितानाही मूल बरेच शिकते.

आणि उत्तरे देणाऱ्या पेशंटनी त्या मुलाला एक प्रश्न जरूर विचारावा, "यातून काय निघाले ते आम्हाला कळवशील का?" अभ्यास तुमच्या माहितीवर उभा असतो. त्याचा निष्कर्ष साध्या मराठीत तुमच्यापर्यंत परत यायला हवा, आणि तो मागण्यात संकोच करू नका.