फुटलेल्या परीक्षानळ्यांच्या बाजूने

सहावी ते आठवीच्या विज्ञानाला आठवड्यातून एक जोडतासिका नुसत्या प्रयोगांसाठी राखून ठेवा, असं कुणी सुचवलं की शिक्षकांच्या खोलीतून पहिला प्रश्न येतो : मग पोर्शन कोण पूर्ण करणार? प्रश्न खोटा नाही. पेशी, आम्ल-आम्लारी, उष्णता, वर ध्वनी, प्रकाश आणि सूर्यमाला. त्यात शिक्षकांच्या मागे लागलेली सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं आणि रोज कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर भरायची माहिती. तरी आकडे मांडून बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या इयत्तांसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन धरलं आहे. ७० मिनिटांची जोडतासिका ३५ आठवडे झाली तर चाळीसेक तास होतात. हजारातले चाळीस. स्नेहसंमेलनाच्या तालमींना कित्येक शाळांत याहून फार कमी जात नसतील.

शिवाय पोर्शन पूर्ण झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे आठवीच्या वर्गात जाऊन विचारावं. ‘उष्णता आणि तापमान यांतील फरक लिहा’ याचं उत्तर मुलं मधोमध रेघ मारून झरझर लिहून देतात. वाटीभर उकळतं पाणी आणि बादलीभर कोमट पाणी, दोन्ही निवून खोलीइतकी होईपर्यंत जास्त उष्णता कोण देईल, असं विचारलं की निम्म्याहून अधिक हात वाटीच्या बाजूने वर जातात. अशा पूर्ण झालेल्या पोर्शनची राखण करण्यात काय हशील?

दुसरा पक्ष नव्या जमान्याचा. स्मार्ट बोर्ड आहे, यूट्यूब आहे, पेशीचं चित्र हवं तसं फिरवून दाखवता येतं. मग कांदा सोलत कशाला बसायचं? व्हिडिओंशी माझं वैर नाही. पेशीविभाजन दाखवायला तेच बरे. पण व्हिडिओतलं पाणी दर वेळी बरोबर १०० अंशांना उकळतं, आणि पुण्यातलं उकळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ वर. मुलांच्या गटाने चंचुपात्रात तापमापी धरली आहे, पाणी खळखळतंय आणि पारा ९८ वर येऊन बसलाय, हलायचं नाव नाही. आता ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली काय लिहायचं? मुलं शेजारच्या गटाकडे बघतात, मग बाईंकडे बघतात आणि १०० लिहितात. पुस्तकात १०० आहे, गाइडात १०० आहे. विज्ञानाच्या तासाला मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं स्वतःच्या हाताने खोडायचं, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण!

हातात ७० मिनिटं असलेल्या बाई इथे थांबू शकतात. तापमापीच चुकत असेल? मग ती वितळत्या बर्फात बुडवा, शून्य दाखवते का बघा. पाण्यात काही मिसळलंय? चमचाभर मीठ टाकून बघा, पारा खाली जातो की वर. (किंचित वरच जातो, म्हणजे भेसळीचा संशय मिटला.) मग राहिली हवा. आणि पारा थांबला असेल तर बर्नरची उष्णता चाललीय कुठे? उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, हे वाक्य अशा वेळी सांगितलं तर ते कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. ३५ मिनिटांच्या सुट्या तासात यातलं काही होत नाही. हजेरी घेऊन पाणी उकळेपर्यंत घंटा होते.

तिसरी सबब साधनांची, आणि ती निम्मीच खरी. सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळा आहेतच. पण जिथे तो आहे तिथेही कुलपात असतो, कारण डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद आहे आणि काही मोडलं तर खुलासा ताबा असलेल्या शिक्षकाने द्यायचा. कोण मुलांना हात लावू देईल? परीक्षानळी वापरली की कधीतरी फुटणारच. वर्षअखेरीला सगळ्या नळ्या शाबूत निघणं हा त्या प्रयोगशाळेवरचा ठपका मानला पाहिजे. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, मिळो बापडं. कांद्याच्या पापुद्र्याला थ्रीडी प्रिंटर लागत नाही. त्याला आयोडीनचा थेंब लागतो, आणि कव्हरस्लिप तिरकी टेकवून अलगद सोडायचा सराव लागतो. सराव नसला की हवेचे बुडबुडे अडकतात आणि जाड काळ्या किनारीचे ते गोल वहीत ‘पेशी’ म्हणून उतरतात. दिसतातही सुरेख, हीच पंचाईत.

साठ मुलांचा वर्ग ही मात्र अस्सल अडचण आहे. गट पाडले तरी गोंगाट होणार, एक शिक्षक पुरा पडणार नाही. संहत आम्ल मुलांच्या हाती द्यायचं नाही, हेही उघड आहे. यावर माझ्याकडे तोडगा नाही. निम्म्या वर्गाला आलटून पालटून लेखनकाम देणं, एवढीच तडजोड सुचते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप अभ्यासू मंडळींचा. मुलांनी प्रयोग करता करता विज्ञान स्वतः शोधावं ही भाबडी कल्पना आहे, असं ते म्हणतात. रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिलेले कप्पे १६६५ मध्ये पुस्तकात छापले. पेशीसिद्धान्त श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला १८३८-३९ मध्ये. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली. ती जोडतासिकेत कोंबणार का? नाही कोंबणार. आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, फक्त तो माझ्या म्हणण्याला लागत नाही. सिद्धान्त शिक्षकानेच सांगावा, सरळ आणि स्वच्छ मराठीत. सांगितलेलं कुठवर खरं आहे हे ताडून पाहायला प्रयोग हवा.

त्यामुळे माझं भांडण प्रयोगांच्या कैवाऱ्यांशीही आहे. खायचा सोडा, व्हिनेगर, फेसाळता ज्वालामुखी, टाळ्या, फोटो, पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. यात विज्ञान कुठे येतं? मेणबत्तीचा प्रयोग तर त्याहून वाईट, कारण तो चुकीचं शिकवतो. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला; ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून एक पंचमांश पेला भरला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं. पेला घालताना तापून फुगलेली हवा कडेने निसटते आणि उरलेली निवली की आकसते. चढण्याचं मुख्य कारण हे आहे. ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. रसायनाचा म्हणून शिकवलेला धडा असा उष्णतेचा निघतो, आणि ते कळायला फक्त दोन जादा मेणबत्त्या लागतात.

पुस्तकात पेशी, रसायन आणि उष्णता ही प्रकरणं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. प्रयोगाच्या टेबलावर त्यांची गाठ पडते. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं ते ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड परीक्षानळीत घ्यावं आणि त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाकावी. फेस चढतो, नळीच्या तोंडात धुमसती उदबत्ती धरली की ती उजळते. ऑक्सिजन सुटतोय. आता उकडलेल्या बटाट्याची फोड टाका : ढिम्म. कच्चा बटाटा किसून टाकला तर फेस आणखी जोरात, कारण किसताना पेशी फुटून त्यांच्यातलं कॅटलेज नावाचं विकर बाहेर पडतं. तेच विकर उकडताना निकामी झालेलं असतं. मग फ्रिजमधल्या बटाट्याचं काय, अन् किती अंशांना ते निकामी होतं, हे प्रश्न वर्गातूनच येतात आणि पुढच्या आठवड्याचा तास आपोआप ठरतो. प्रयोग सहामाहीतून एकदा केला तर प्रश्न विचारणाऱ्यालाही तो आठवत नाही. म्हणून दर आठवड्याचा आग्रह.

हे व्यवहारात उतरत नाही, असं म्हणणाऱ्यांना होशंगाबाद माहीत असायला हवं. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांवर उभं केलं गेलं. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सुरू केलेलं हे काम पुढे एकलव्य संस्थेने सांभाळलं. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा होती. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला, आणि विरोधक नेमकं तेवढंच सांगतात. त्याआधीची ३० वर्षं तो सरकारी शाळांमधून, खेड्यापाड्यांत चालला होता.

महाराष्ट्रात तर नवा नियमही लागत नाही. आकारिक मूल्यमापनात ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’ हे साधनतंत्र आहेच, आणि शाळा त्याचे गुण नेमाने भरतात, प्रयोग होवो न होवो. तेव्हा मागणी दोनच गोष्टींची आहे. काचसामानाची वाजवी फुटतूट खुलासा न मागता रजिस्टरातून कमी करावी. आणि तपासणीला येणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यांनी प्रयोगवह्या शेजारी शेजारी उघडून ठेवाव्यात. वर्गातल्या सगळ्या मुलांची निरीक्षणं शब्दशः सारखी निघाली तर त्या प्रयोगाचे गुण कुणालाच देऊ नयेत.