तात्पर्य कोणाचे?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत अपठित गद्य उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारण्याची प्रथा जुनी आहे. उताऱ्याला शीर्षक द्या, त्याचा सारांश एकतृतीयांश शब्दांत लिहा, लेखकाचा दृष्टिकोन स्पष्ट करा, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. विद्यार्थी ते सोपे मानतात. पाठांतर नको, सनावळ्या नकोत. उत्तर समोरच छापलेले असते. नेमका येथेच घोटाळा होतो. उत्तर छापलेले असते हे खरे, पण ते कोणत्या ओळीत आहे आणि कोणत्या ओळी केवळ तेथवर जाण्याच्या वाटा आहेत, हे ओळखण्याचे शिक्षण फारसे कोणी दिलेले नसते.

समजा, उतारा एका धरणाविषयी आहे. पहिल्या तीन परिच्छेदांत लेखकाने ओलिताखाली आलेली जमीन, घरोघर पोचलेली वीज आणि उभे राहिलेले साखर कारखाने यांचे मनापासून वर्णन केले आहे. चौथ्या परिच्छेदाचा आरंभ 'परंतु'ने होतो. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना लाभक्षेत्रात जमीन मिळण्यास किती वर्षे लागली, याचा हिशेब तेथे येतो, आणि पुनर्वसन पुरे झाल्याखेरीज घळभरणी करू नये, असे सांगून लेखक थांबतो. एक विद्यार्थी लिहितो, 'लेखकाने धरणाचे फायदे सांगितले आहेत.' त्याच्याहून सावध असलेला दुसरा लिहितो, 'लेखकाने धरणाचे फायदे व तोटे सांगितले आहेत.' दोघेही चुकले. पहिल्याने परिच्छेद मोजले. तीन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. दुसऱ्याने लेखकाच्या हाती उगीचच तराजू दिला. लेखकाने तोलले काहीच नव्हते. धरणाचा उपयोग मान्य करून त्याने एक अट घातली होती. ती अट हेच त्याचे म्हणणे होय.

विषय नामात मावतो. मताला क्रियापद लागते. 'धरण' हा विषय झाला, 'धरणग्रस्तांचे पुनर्वसन' हाही विषयच झाला. 'पुनर्वसन आधी झाले पाहिजे' हे मत. एवढा भेद ध्यानात आला तरी निम्मे काम होते. उरलेले निम्मे मात्र कठीण आहे, कारण लेखक आपले मत सरळ सांगतोच असे नाही. तो प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतो, उपरोध करतो, कोणाची कैफियत त्याच्याच शब्दांत ऐकवतो. जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष इतका सविस्तर आणि इतक्या समर्थपणे मांडलेला असतो की पुढचे पान न उलटणाऱ्याला तोच सिद्धान्त वाटावा. वर्तमानपत्री लेखकाच्या मतांवर जे वाद होतात त्यांपैकी कितीतरी असे पूर्वपक्षावरच पेटलेले असतात.

हा प्रश्न दोन-चार गुणांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठी अग्रलेखाचा मुख्य विचार कोणता, या एका प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात एक मोठा खटला चालला होता. १९०८ साली ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतर १२ मे रोजी 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' हा आणि ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा लेख प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळकांना २४ जूनला अटक झाली आणि १३ जुलैपासून न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला सुरू झाला. घटना कोणत्या, लेख कोणी छापले, यांविषयी वाद नव्हता. वाद होता तो अर्थाचा. बाँब ही देशावरची आपत्ती आहे, पण ती ओढवली आहे राज्यकर्त्यांच्या हट्टामुळे. दडपशाहीचे कायदे केल्याने ती टळणार नाही, लोकांना राजकीय हक्क दिल्यानेच टळेल, हा त्या लेखांचा युक्तिवाद. सरकार पक्षाने त्यात बाँबचे आडून केलेले कौतुक आणि सरकारला दिलेली धमकी वाचली.

कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हा तो भेद. वैद्याने रोगाचे निदान केले म्हणजे तो रोगाचा कैवारी ठरत नाही. तथापि सरकार पक्षाचे वाचन निव्वळ कांगावा होता असे म्हणून हा मुद्दा सोडून देणेही बरोबर नाही. त्या लेखांत बाँबचा निषेध आहे, पण लेखणी रेंगाळते ती राज्यकर्त्यांच्या दोषांवर. लेखकाचा राग कोणावर आहे हे कोणत्याही मराठी वाचकाला कळत होते. लेखकाचा कल तो कशावर किती वेळ थांबतो यावरूनही ओळखावा लागतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु कल म्हणजे प्रतिपादन नव्हे. एखाद्या गोष्टीविषयी लेखकाला कितपत चीड आहे हा एक प्रश्न, आणि त्याने वाचकाला काय पटवून देऊ पाहिले हा दुसरा. फिर्यादीने पहिल्याचे उत्तर दुसऱ्यापुढे लिहिले.

यात भर पडली भाषांतराची. ज्यूरीत नऊ जण होते, सात युरोपीय आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे प्रत्यक्षात ठेवलेले लेख इंग्रजीत उतरवलेले होते. टिळकांनी न्यायालयाच्या भाषांतरकाराची कसून उलटतपासणी केली. मराठीत जो शब्द चर्चेचा आहे तो इंग्रजीत चिथावणीचा होतो, आपण ज्या अँग्लो-इंडियन पत्रांना उत्तर देत होतो त्यांचे लेख बाजूला ठेवून केवळ उत्तरच वाचले जात आहे, ही त्यांची तक्रार होती. ते २१ तासांहून अधिक बोलले. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. पुढे मंडालेच्या तुरुंगात ती भोगावी लागली.

एका शब्दाच्या अर्थावर सारा मजकूर कसा झुकतो, याचा अनुभव त्याआधी ११ वर्षांपूर्वी येऊन गेला होता. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला. प्रीतीचा अभाव हाच गुन्हा ठरला तर कोणत्याही टीकेचा मुख्य विचार राजद्रोह हाच निघणार. वाचण्याचे कष्ट कोणी घ्यावेत? उलट १९१६ साली, बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांबद्दल टिळकांकडून जामीन मागणारा हुकूम झाला, तेव्हा न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो रद्द केला. भाषण समग्र आणि निःपक्षपातीपणे वाचले पाहिजे, सुटी वाक्ये उपटून त्यांवर निकाल देता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. वक्ता तोच, कायदा जवळजवळ तोच. फरक पडला तो वाचण्याच्या रीतीने.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. स्वतःच्या लेखांचे तात्पर्य दुसऱ्यांनी ठरवल्यामुळे शिक्षा भोगणाऱ्या माणसाने तुरुंगात बसून एका ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याचा विचार केला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्याच प्रकरणात त्यांनी मीमांसकांची कसोटी पुढे ठेवली. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे ग्रंथ कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो. अभ्यास, म्हणजे पुनःपुन्हा काय सांगितले आहे. अपूर्वता, म्हणजे इतरत्र न सांगितलेले नवे काय. फल, म्हणजे त्यातून निष्पन्न काय होते. अर्थवाद, म्हणजे ओघात आलेली स्तुती, निंदा, दृष्टान्त. आणि उपपत्ती, म्हणजे साधकबाधक प्रमाणे देऊन केलेली सिद्धी. अर्जुन युद्ध नको म्हणून बसला येथे गीतेचा आरंभ, तो युद्धाला उभा राहिला येथे शेवट. मग मधला उपदेश संन्यासाचा कसा असेल, हा टिळकांचा प्रश्न याच कसोटीतून निघतो.

मीमांसकांनी ही साधने वेदवाक्यांसाठी घडवली. पण धरणावरच्या त्या उताऱ्याला ती लावून पाहावीत. उपक्रम धरणाच्या कौतुकाचा, उपसंहार अटीचा. दोहोंत अंतर पडले, म्हणजे लेखकाने वाचकाला एका ठिकाणाहून दुसरीकडे नेले आहे. धरणाने पाणी मिळते हे कोणीही सांगेल. अपूर्वता घळभरणीच्या अटीत आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी साधन अर्थवादाचे. उताऱ्यात एखादी चटकदार हकिकत असली, एखाद्या थोर पुरुषाची आठवण असली, की मुले तीच सारांशात उतरवतात, कारण लक्षात तीच राहते. दृष्टान्त काढून टाकला तर लेखकाचे म्हणणे शिल्लक राहते का, हे पाहिले की दृष्टान्ताची जागा कळते.

या कसोट्यांनी वाद मिटतो असे मात्र नाही. आधीच्या टीकाकारांनी आपापल्या संप्रदायाचा अर्थ गीतेवर लादला, असे टिळकांनी म्हटले; कर्मयोगाचा आग्रह धरून त्यांनीही तेच केले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. त्याने कसोटी खोटी पडत नाही. 'मला असे वाटते' म्हणणाऱ्याशी वाद करता येत नाही. 'या ओळीमुळे असे वाटते' म्हणणाऱ्याशी करता येतो. ओळ दाखवण्याची जबाबदारी वाचकावर टाकणे, एवढे काम या साधनांनी केले तरी ते थोडे नाही.

स्वराने फसण्याचे एक मराठी उदाहरण लोकहितवादींचे आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात जी पत्रे लिहिली, त्यांत स्वजनांवर इतके कठोर प्रहार आहेत आणि इंग्रजांच्या विद्येचे, उद्योगाचे इतके गुणगान आहे की विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांचा खरपूस समाचार घेतला. परंतु याच पत्रांत लोकांनी शहाणे होऊन राज्यकारभारात वाटा मागावा, पार्लमेंट मागावे, हा विचार आहे. ज्याला लोक सुधारावेत असे वाटते तोच त्यांच्यावर इतका चिडतो. कठोर शब्द मोजले तर लेखक स्वजनद्रोही दिसतो. ते शब्द कशासाठी वापरले हे पाहिले तर वेगळा दिसतो. दोन-चार पत्रांतील वाक्ये वेचून लोकहितवादींना कोणत्याही पक्षात बसवता येते, आणि तसे अनेकांनी केलेही आहे.

शाळांतील आजच्या कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृतीनंतर 'स्वमत' विचारले जाते. विद्यार्थ्याने स्वतःचा विचार करावा हा हेतू उत्तम. मात्र आकलनाचा भाग चौकटी आणि आकृत्या भरण्यात संपला, तर उताऱ्यातले शब्द उचलून चौकटीत ठेवणे एवढेच आकलन होते, आणि लेखकाचे मत न कळताच स्वमत सुरू होते. परमत समजल्याखेरीज दिलेले स्वमत बहुधा मार्गदर्शक पुस्तकातले असते. स्पर्धा परीक्षांच्या उताऱ्यांची अडचण निराळी. तेथे चार पर्यायांपैकी दोन तर विधान म्हणून खरेच असतात. फक्त ते लेखकाने म्हटलेले नसतात. वाचक उमेदवार त्यांनाच फसतो, कारण त्याला ते ठाऊक असतात आणि पटलेलेही असतात. त्यातून उतारा इंग्रजीवरून ओबडधोबड उतरवलेला असला तर 'परंतु' आणि 'म्हणून' यांचाच पत्ता लागत नाही.

कचेरीतील अनुभवी कारकुनाला हे सारे शिकवावे लागत नाही. शासन निर्णयाच्या कागदावर आधी 'वाचा' म्हणून जुने संदर्भ असतात, मग प्रस्तावना, मग निर्णय. प्रस्तावनेत कितीही सदिच्छा असल्या तरी त्यांवर विसंबून तो बिल मंजूर करीत नाही. त्याची नजर आदेशाच्या वाक्यावर आणि त्यामागून येणाऱ्या 'मात्र'वर असते. अग्रलेख हातात आला की हाच माणूस शीर्षक वाचून रागावतो किंवा खूष होतो, ही गंमत आहे.

शीर्षकाचाच उपयोग वर्गात करता येईल. १९०८ च्या त्या दोन लेखांची नावे फळ्यावर लिहावीत. 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे पुरे वाक्य आहे. लेखाचे म्हणणे त्यात आलेच. 'देशाचे दुर्दैव' यात क्रियापद नाही. बाँब पडला हे दुर्दैव, की तो पडण्याची वेळ आणली गेली हे दुर्दैव, हे लेख वाचल्यावाचून कळणार नाही. मग त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एखादा अग्रलेख शीर्षक झाकून मुलांपुढे ठेवावा. 'लेखकाचे म्हणणे असे की' येथून सुरू होणारे एक वाक्य प्रत्येकाने लिहावे आणि ज्या ओळीच्या आधारे ते लिहिले तिच्याखाली रेघ ओढावी. दुसऱ्या दिवशी उलट मताच्या पत्रातला लेख घ्यावा. तीस-पस्तीस मिनिटांच्या एका तासात हे बसते, खर्च वर्तमानपत्राच्या किमतीएवढा येतो, आणि उद्याच्या अग्रलेखाची उत्तरे आज कोणत्याच मार्गदर्शक पुस्तकात छापलेली नसतात.